पोचा आलेलं चिपटं

“चिपटं जिकडं जाईल तिकडं मी,” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या.

बार्शीच्या घरात, मधल्या खोलीत भांड्यांचे दोन ढीग लागले होते. एक थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे अक्कांचा, आणि एक माझा. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. थोरले दीर, अण्णा, शिलाईचं दुकान चालवायचे, ते तिथंच राहणार होते. ह्यांची बदली सोलापूरला झाली होती आणि मलाही तिथल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. दोन खोल्या भाड्यानं बघून ठेवल्या होत्या. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर पहिल्यांदा माझं स्वतःचं स्वैपाकघर होणार होतं. मिठाची बरणी कुठं, पोळपाट कुठं, सांडशी कुठल्या खिळ्याला, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. त्या मांडणीत आत्याबाई कुठंच नव्हत्या.

आता सदुसष्टाव्या वर्षी हे सांगायला मला लाज वाटत नाही. तेव्हाही वाटली नव्हती, फक्त तेव्हा बोलायची सोय नव्हती.

चिपटं म्हणजे धान्य मोजायचं जुनं पितळी माप, चहाच्या मोठ्या कपाएवढं. आमच्या घरचं चिपटं आत्याबाईंच्या सासूच्या सासूचं. त्याला एका बाजूनं चांगला अंगठा मावेल एवढा पोचा आलेला. हा पोचा कसा आला याची अण्णा एक गोष्ट सांगायचे आणि हे दुसरी. अण्णांच्या गोष्टीत पणजीनं ते दरोडेखोराच्या कपाळावर हाणलं होतं, ह्यांच्या गोष्टीत लांडग्याच्या. दोघांच्याही गोष्टीत समोरचा जागेवर आडवा झाला होता.

या चिपट्यानं मोजून घरची धपाटी व्हायची. रोज सकाळी सातला, चार पिढ्या. ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र दळून आणायची, पिठात लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, कोथिंबीर आणि आंबट दही घालून मळायचं, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं. बार्शीत घरोघरी करतात. पण ‘खटावकरांची धपाटी’ म्हटलं की माणसं कापड शिवायला टाकायच्या निमित्तानं सकाळी सातलाच यायची. अण्णा म्हणायचे, पोच्यामुळं माप जरा कमी भरतं, आणि त्या कमी भरण्यातच सगळी चव आहे.

“चिपटं इथंच राहणार,” अण्णा म्हणाले. “दुकान इथं, देव इथं.”

“म्हणजे मी धपाटी खायचीच नाहीत का?” हे म्हणाले.

“ये की सुट्टीला.”

“रोजचं खाणं सुट्टीला खायचं?”

ह्यांचे डोळे भरून आले. चौतीस वर्षांचा माणूस, सरकारी नोकरीतला. सासरे गेले तेव्हा ह्यांनी एक टिपूस काढलं नव्हतं, आत कुठंतरी गोठून बसले होते, आणि आता धपाट्यावरून पाणी काढत होते. मला दयाही आली आणि हसूही आलं. पण त्याहून जास्त धास्ती वाटली, कारण अण्णा विरघळायला लागले होते. चिपटं आमच्या ढिगात आलं असतं तर मागोमाग आत्याबाई आल्या असत्या, आणि त्यांनी माझी सांडशी कुठल्या खिळ्याला लावली असती ते मला दिसत होतं.

तेवढ्यात अक्का बोलल्या. अक्कांचं बोलणं गुळासारखं. “धाकटीलाच द्या हो. नवा संसार हाय तिचा. माझं काय, मी घेईन कशातनंबी मोजून.”

“छे छे,” मी म्हटलं. “थोरल्या घरची वस्तू थोरल्या घरातच शोभते.”

“असं कसं, तुला हौस हाय.”

“हौस तुम्हालाच जास्त आहे, अक्का. मी बघते ना.”

दोघा भावांना वाटलं, काय या सुना, किती ही माया. अण्णांनी तर उपरण्यानं नाक पुसलं. आत्याबाई मात्र एकदा अक्कांकडं, एकदा माझ्याकडं बघत सुपारी चघळत होत्या. त्यांच्या पदराच्या टोकाला नेहमीसारखी गाठ होती. आम्ही समजायचो, तपकिरीची पुडी असेल.

आणि मग माझ्यातल्या मास्तरणीनं तोंड उघडलं. तिनं ते उघडलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

“पण चिपटं लागतंच कशाला?” मी म्हटलं. “कुठल्याही वाटीनं मोजलं तरी धपाटी तशीच होणार.”



“म्हंजे?” अण्णा म्हणाले.

“म्हणजे प्रमाण असतं, अण्णा. चार माप ज्वारी, एक माप गहू, एक माप डाळ, असंच घालता ना? माप लहान असो की मोठं, पोचा असो की नसो, सगळं त्याच एका मापानं मोजलं की चारास एकास एक राहणारच.”

अण्णांनी गळ्यातली टेप काढली. दुकानातून उठून आलं तरी ती त्यांच्या गळ्यात असायचीच. “हे बघ. ही टेप बदलून मी दुसऱ्याच टेपनं तुझ्या नवऱ्याचा सदरा बेतला तर बसंल का त्याला?”

“दोन्ही वेळा त्याच टेपनं मापला तर बसेल.”

“कशाला बसंल? टेपच येगळी ना.”

“अण्णा, इंचात मोजा नाहीतर सेंटिमीटरमध्ये मोजा, छाती तेवढीच राहते.”

“इंच ते इंच,” अण्णा म्हणाले, “माप म्हंजे माप.” आणि ह्यांनीही मान डोलावली. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला एक वेळ देव नाही म्हणून सांगता येईल, पण मापाला अर्थ नाही म्हणून सांगता येत नाही. तीन पिढ्या ज्या घराची भाकरी टेपेवर चालली, तिथं मी प्रमाण शिकवायला निघाले होते.

“करून दाखव की मग, मास्तरीण,” आत्याबाई म्हणाल्या. त्या मला मास्तरीणच म्हणायच्या, चांगल्या मूडमध्ये असल्या तरी आणि नसल्या तरी.

“दाखवते. प्रमाण तेवढं नक्की सांगा.”

“तूच सांगितलंस की. चार, एक, एक.”

“आणि?”

“आणि काय? हात.”

दुपारी मी ह्यांना अंगणात गाठलं. “हे बघा, मी वाटीनं करून दाखवलं तर चिपट्यावरचा हट्ट सोडायचा. चिपटं अण्णांना राहू दे. तुम्हाला सोलापुरात रोज धपाटी मिळतील.”

“आणि आई?”

“त्यांनीच सांगितलं ना, चिपटं जिकडं तिकडं मी. म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडायला लावायचा का आपण?”

ह्यांनी चिंचेच्या झाडाकडं बघितलं. मग म्हणाले, “तेही खरंच.” आईच्या शब्दाला इतकं जपणारी सून मिळाली म्हणून त्यांना माझा अभिमान वाटला असावा. मी वाटी शोधायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्टीलची साधी वाटी घेतली. माझ्या माहेरची, अकलूजची, बुडाला आईचं नाव कोरलेली. चार वाट्या ज्वारी, एक गहू, एक डाळ. काठोकाठ भरून वर सपाट हात फिरवून मोजलं, प्रयोगशाळेत मोजतात तसं. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. “बाई गं, किती ते नीट,” म्हणाल्या. त्यांना माझा विजय व्हावा असं वाटत होतं की पराजय, हे त्यांच्या तोंडावरून कळेना. आज वाटतं, त्यांचं त्यांनाही कळत नसावं. मी जिंकले तर चिपटं आणि आत्याबाई त्यांच्या गळ्यात, हरले तर भाऊ-भाऊ पुन्हा भांडणार.

दळण आणायचा प्रश्न होता. त्या घरात धपाट्याचा डबा गिरणीत फक्त आत्याबाई नेत. गुडघे दुखोत, ऊन असो, दुसऱ्या कुणाला डबा उचलू देत नसत. म्हणायच्या, गिरणीवाला दुसऱ्याचं पीठ मिसळतो, नजर ठेवावी लागते. मी म्हटलं, आज माझं दळण मी नेणार. मला वाटलं होतं, भांडण होईल. पण त्या म्हणाल्या, “जा की. मी माझं सकाळीच आणलंय.”

गिरणीत मी पिठाच्या नळीवर डोळा ठेवून उभी राहिले. आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारीच होती म्हणून बरं. घरी येऊन पीठ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलं आणि आत्याबाईंच्या पितळी डब्याशेजारी ठेवलं. झाकण वरवर टेकवलं. मी झाकण घट्ट लावत नाही, आजही नाही. घरात यावरून सगळ्यांनी मला बोलून झालंय.

रविवारी सकाळी न्हाऊन केस पुसत स्वैपाकघरात आले. आत्याबाई चुलीपाशी बसून लसूण सोलत होत्या. बिस्किटाच्या डब्याचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं की मला उलथन्यानं उघडावं लागलं. घाई होती, मी लक्ष दिलं नाही.

दोन परातींत दोन पिठं. ठेचा एकच, दही एकाच गाडग्यातलं, तीळ मोजून, तवा तोच. दोन्ही पिठं मीच मळली, दोन्हींची धपाटी मीच थापली, म्हणजे हाताचा वाद नको. दोन ताटं केली आणि माझ्या वाटीच्या ताटाखाली खडूनं फुली मारली. मग बैठकीत नेऊन ठेवली. नोकरीच्या मुलाखतीलासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. पण नोकरीत फार तर नाही म्हटले असते, इथं सगळा संसार एका घासावर टांगलेला होता.

अण्णांनी डोळे मिटून एक घास इकडचा घेतला, एक तिकडचा. बराच वेळ चावलं. मग एका ताटावर बोट ठेवून म्हणाले, “हे चिपट्याचं. सांगायला नको. ह्यात पोचा लागतोय.”

मी ताट उचलून खालची फुली दाखवली. अण्णांनी पुन्हा घास घेतला, या वेळी डोळे उघडे ठेवून.

मी फुली दाखवायच्या आधीच ह्यांनी दुसऱ्या ताटावर बोट ठेवलं होतं. ते बरोबर निघालं. पण का ते विचारलं तर म्हणाले, अण्णांनी हे सांगितलं म्हणून मी ते सांगितलं. अक्का म्हणाल्या, “मला मेलीला दोन्ही सारखीच गोड लागतात.” अक्कांनी आयुष्यात प्रथमच काहीतरी नेमकं सांगितलं होतं.

शेवटी सगळे आत्याबाईंकडं बघायला लागले. त्यांनी एकेक तुकडा दह्यात बुडवला, शाबूत होते तेवढ्या दातांनी सावकाश चावला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “मला तर काय फरक कळंना बाई.”

हेच सिद्ध करायचे होते. भूमितीच्या प्रत्येक सिद्धतेखाली मी मुलांकडून हे वाक्य लिहून घेत असे, आणि त्या सकाळी ते मला बैठकीच्या भिंतीवर लिहिलेलं दिसत होतं. मी जिंकले होते. सांडशी माझ्या खिळ्याला लागणार होती.

“मग ठरलं,” मी म्हटलं. “चिपटं अक्कांकडं.”

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. “चिपटं थोरलीकडं ऱ्हाऊ दे. मी हिच्यासंगट सोलापूरला जाते.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “पण आत्याबाई, तुम्हीच म्हणाला होता, चिपटं जिकडं तिकडं मी.”

“म्हणालते की. तवा मला वाटायचं, चव चिपट्यात हाय. तू आज धा माणसांत सिद्ध केलंस, चिपट्यात काय न्हाई म्हणून.” खरं तर आम्ही पाचच जण होतो. “चव हिच्या हातात आलीया. मग मी रिकाम्या भांड्यामागं कशाला ऱ्हाऊ? का रे, चुकलं का माझं?”

“मुळीच नाही,” हे म्हणाले. ते इतके खूश होते की मला त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. अण्णांनी चिपटं दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. अक्का तोंडात पदर धरून रडायला लागल्या, आत्याबाई आपल्याला सोडून चालल्या म्हणून. खूप वेळ रडल्या. दुसऱ्या दिवशी सामान टेंपोत चढवताना मी बघितलं, स्वैपाकघराच्या खिडकीला त्यांनी नवा पडदा लावला होता, गुलाबी फुलांचा. तो आधीपासूनच शिवून तयार असल्याशिवाय लागला नसता. शिंप्याचं घर असलं तरी.

सोलापुरात पहिल्याच आठवड्यात मी वाटी काढली. चार, एक, एक. कोपऱ्यावरची गिरणी, तोच ठेचा, तसंच दही. धपाटी झाली आणि हे पहिला घास तोंडात धरून बसले. चामड्यासारखी झाली होती. गिळली तर घशात अडकतील म्हणून हे चहाबरोबर खात होते.

“पाणी येगळं हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “सरक, मी बघते.”

त्या डबा घेऊन गिरणीत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी बार्शीची धपाटी ताटात. मी पुन्हा केली, पुन्हा चामडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत केली, दिवाळीत केली. ज्वारी बदलली, गिरणी बदलली, तवा बदलला. एका वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या. कधी गिरणीचा दगड वेगळा निघायचा, कधी दही, कधी माझी घाई. “आईलाच करू दे,” हे म्हणायला लागले, आणि हळूहळू धपाट्यांबरोबर भाजी, भाजीबरोबर आमटी, आमटीबरोबर सगळं स्वैपाकघर त्यांच्याकडं गेलं. सांडशी त्यांच्या खिळ्याला लागली. मीठ कुठं आहे हे मला माझ्याच घरात विचारावं लागायचं. मी दहाला शाळेत जायची आणि सहाला यायची, आणि आल्यावर पाहुणीसारखी पाटावर बसायची.

मी मनातल्या मनात धुसफुसायची. वर्गात गुणोत्तर-प्रमाण शिकवायचा दिवस आला की मला घाम फुटायचा. फळ्यावर चारास एकास एक लिहिताना वाटायचं, एखादं पोर उठून विचारेल, बाई, तुम्हाला तरी येतं का.

पण खरं तेही सांगते. चौदा वर्षं मी घरी येऊन गरम जेवले. मुलगा झाला, तो त्यांच्या मांडीवर वाढला. मी नोकरी सांभाळून पुढची पदवी घेतली, पर्यवेक्षिका झाले. बरोबरीच्या बायका शाळेतून सुटल्या की भाजीच्या पिशव्या घेऊन धावत सुटायच्या, मी वह्या तपासत चालत यायची. हे मान्य करायलासुद्धा मला चौदा वर्षं लागली, आणि त्यांच्या तोंडावर तर मी कधीच केलं नाही.

त्यांचे गुडघे अगदीच गेले तो पावसाळा होता. रविवार होता. त्या डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, दोनदा उठायला बघितलं आणि दोनदा बसल्या. मी जेवणाच्या टेबलावर भूमितीचे पेपर तपासत होते.

“मास्तरीण,” त्या म्हणाल्या, “आज तुला जावं लागतंय गिरणीत.”

“जाते की.”

“आणि हे बघ. गिरणीच्या अलीकडं भडभुंज्या हाय ना, चुरमुरेवाला? त्याच्याकडनं मूठभर उडदाची डाळ खरपूस भाजून घे. पदरात बांध. गिरणीत डबा ओतायच्या टायमाला हळूच वर टाक. कुणाला दाखवू नगं.”

लाल पेन माझ्या हातात तसंच राहिलं. मी त्यांच्या पदराच्या टोकाकडं बघितलं. त्या दिवशी गाठ नव्हती.

“उडीद डाळ?”

“भाजलेली. न्हाईतर चामडं हुतंय. तुला ठावंच हाय.”

“तुम्ही मला चार, एक, एक सांगितलं होतं.”

“मग? चार, एक, एकच असतंय. उडीद मोजायचाच न्हाई, मुठीनं टाकायचा.”

मला राग आला. सरळ सांगते, हसू नंतर आलं, आधी राग आला, कानापर्यंत. चौदा वर्षं मी उदाहरण बरोबर सोडवत होते आणि पक्षच खोटा दिलेला होता. भूमितीत आधी पक्ष लिहायचा, काय दिलं आहे ते. मग साध्य, काय सिद्ध करायचं ते. पक्ष खोटा असला तर सिद्धता कितीही सुंदर असू दे, खाली भोपळाच.

आणि मग मला ते झाकण आठवलं.

“आत्याबाई, बार्शीत त्या दिवशी माझ्या पिठात तर उडीद नव्हता. मी स्वतः गिरणीत उभी होते. मग सगळ्यांना दोन्ही ताटं सारखी कशी लागली?”

त्यांनी डब्याचं झाकण काढलं, पुन्हा बसवलं. “तू न्हायला गेलतीस तवा तुझं पीठ मी काढलं आणि माझं भरलं. दोनी ताटात माझंच पीठ हुतं.”

“आणि माझं?”

“गाईला घातलं. तिनंबी नीट खाल्लं न्हाई.”

“पण का?” माझा आवाज चढला होता. “मी हरले असते तर चिपटं आमच्याकडंच आलं असतं आणि मागोमाग तुम्हीही आला असता. हे रडायलाच बसले होते.”

“आन थोरला रडला असता तर? तो घरातला मोठा, त्याचं ऐकावं लागलं असतं. भाऊ भांडले असते. त्यापरीस ज्याला भांडं पायजे त्याला भांडं दिलं, आन मला जायाचं तिकडं मी आले.”

“तुम्हाला माझ्याकडं यायचं होतं?”

हे विचारताना मी पेपर बाजूला सारले, हे कबूल केलं पाहिजे. इतक्या वर्षांनी म्हातारी आता काहीतरी मायेचं बोलणार, आणि मी इतकी वर्षं तिच्याबद्दल मनात काय काय धरलं, या विचारानं मी खाली मान घातली.

“तर काय,” आत्याबाई म्हणाल्या. “थोरली दिवसभर घरात. चुलीवरनं हलायची न्हाई. दोघीत एक चूल म्हंजे रोजचं मरण. तू धाला शाळंत जाणार, सहाला येणार. सैपाकघर माझंच की.”

त्यांनी अगदी सहज सांगितलं होतं, दळण किती झालं हे सांगावं तसं. मला स्वतःचं स्वैपाकघर हवं होतं म्हणून मी जे गणित मांडलं, तेच गणित या बाईनं त्याच दिवशी, त्याच भिंतीला टेकून, तोंडी सोडवलं होतं. आणि तिचं उत्तर बरोबर आलं होतं. मग मला जे हसू फुटलं ते थांबेचना. त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून. हे बाहेरून धावत आले, काय झालं म्हणून. दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

“आणि तो पोचा?” मी डोळे पुसत विचारलं. “दरोडेखोराचा की लांडग्याचा?”

“फडताळातनं पडलं हुतं. माझ्याच हातनं. सासू रागावंल म्हणून मी तिला सांगितलं, आधीचाच हाय. तीबी म्हणाली, व्हय, आधीचाच.”

पुढं तीन वर्षांनी आत्याबाई गेल्या. चिपटं अजून बार्शीत आहे. अण्णांच्या मुलानं ते काचेच्या कपाटात ठेवलंय, आत मखमलीचा तुकडा घालून. अक्का अजून ते कपाटातनं काढून त्यानंच मोजतात आणि त्यांची धपाटी चामड्यासारखी होतात. त्या म्हणतात, हात गेला सासूबाईंबरोबर. मी म्हणते, खरं आहे.

आणि आता पुन्हा तेच. आमच्या मुलाला गेल्या महिन्यात पुण्यात नोकरी लागली. सून, मृण्मयी, तिलाही तिथं चांगली जागा मिळाली, सकाळी नऊला बाहेर पडायचं आणि आठला घरी. फ्लॅट बघून झालाय. हे जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळं माझं काय करायचं यावर त्या दोघांचं दार लावून बोलणं चालतं. मुलगा धपाट्यांशिवाय राहू शकत नाही, हे त्याला आणि मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे.

परवा सकाळी ती वजनकाटा घेऊन माझ्यापुढं बसली, मोबाइल हातात, लिहून घ्यायला. पोरगी हुशार आहे, मला आवडते.

“आई, धपाट्याच्या पिठाचं प्रमाण एकदा नीट सांगा ना. ग्रॅममध्ये सांगितलं तर आणखी बरं. म्हणजे मला तिकडं करता येईल.”

हा प्रश्न मी ओळखला. कुणीतरी बार्शीत, मधल्या खोलीत, असाच विचारला होता.

“ग्रॅम कशाला,” मी म्हटलं. “कुठलीही वाटी घे. चार ज्वारी, एक गहू, एक हरभऱ्याची डाळ.”

“आणि?”

“आणि काय? हात.”

तिनं लिहून घेतलं. मग ओट्याखालचा दळणाचा डबा घ्यायला वाकली.

“राहू दे,” मी म्हटलं आणि पदर सावरला. “गिरणीत मी जाते.”